बदली

शुक्रवारी पोरीच्या अंगावर आला
तो स्वेटर आमचा नव्हता.
मरून तोच, शाळेचा. माप तेच, अठ्ठावीस.
पण डाव्या कोपरावर रफू,
इतकं बारीक, की बघायला मला
खिडकीशी जावं लागलं.

आणि वास.
हळदीचे सौदे सुरू झाले की
मार्केट यार्डाच्या मागून स्कूटर नेताना
घशाशी बसतो तो. कोरडा, पिवळा, पोत्याचा.

कॉलरीच्या आत बॉलपेननं
रेवण बंडगर, त्यावर काट,
खाली समृद्धी बंडगर, पाचवी ब,
आणि एक नंबर.
शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना.

तीन लावून पाहिला.
कवठेमहांकाळच्या एका टायरवाल्यानं
रात्री साडेनऊला माझी जी विचारपूस केली
ती इथे नको.

आठवर बाई होत्या.
"आवो, आमचीच येंधळी हाय ती."
"नाही हो, आमचीच धांदरट."
"न्हाई न्हाई, समीचं ध्यानच नसतंय कुठं."
दोन अनोळखी माणसं
आपापल्या पोरीची नालस्ती करत
एकमेकांना मान देत होती.
सोमवारी शाळेच्या फाटकाशी, असं ठरलं.

दाराआडून आमची म्हणाली,
"मी धांदरट नाहीये.
आणि चुकून नाही झालं ते."
पुढे काही बोलली नाही.

प्रश्न उरला धुण्याचा.
धुवावा, तर त्यांना वाटणार,
यांना आमचा मळका वाटला.
तसाच द्यावा, तर वाटणार,
दोन दिवस ठेवून घेतला
आणि साध्या पाण्यातून काढावा हेही सुचलं नाही.
हिला फोन लावला, जतला.
(बदली होऊन दोन वर्षं झाली.
एक शनिवार सोडून येते,
रविवारी शेवटच्या एसटीनं जाते.)
ही म्हणाली, "भांडं असतं तर सोपं होतं.
रिकामं द्यायचं नाही, एवढं एकच कलम.
स्वेटरात काय घालून देणार?
धू, आणि मोकळा हो."

धुतला. एकदा नाही, दोनदा.
पहिलं पाणी पिवळं निघालं
आणि मला उगीच शरम वाटली,
कुणाची ते सांगता येत नाही.
मोगऱ्याच्या वासाचं ते औषधही घातलं,
झाकणभर, वर थोडं.

सोमवारी सकाळी घडी घालताना
पोरीनं त्यात नाक खुपसलं.
"वास गेला."
"कसला?"
"तिच्या आईचा."
मग ती बुटाच्या नाड्या बांधायला वाकली
आणि दोन बुटांना लागतो
त्याहून बराच वेळ खालीच राहिली.

बाई आल्या त्या घाईतच.
नखं पिवळी. साडेसातला गोडाऊन उघडतंय, म्हणाल्या.
आमचा स्वेटर वर्तमानपत्रात बांधलेला.
दिवाळीपासून नसलेलं मधलं बटण
जागेवर होतं, बाकीच्यांहून थोडं मोठं.
मी बटणाचं काही बोललो नाही.
त्या धुण्याचं काही बोलल्या नाहीत,
घडी फक्त नाकापर्यंत नेली,
आणि काखेत मारली.

आमच्या स्वेटरातून एक स्टीलची डबी निघाली.
"यंदाची हळद हाय.
रिकामं कसं द्यायचं?"

डबी आता ओट्यावर आहे.
आमटीत मी पाकिटातलीच घालतो.
पोरगी रात्री झोपायच्या आधी
झाकण काढते, थोडा वेळ थांबते,
लावते.
हळद संपल्याशिवाय डबी परत देता येत नाही,
आणि संपली की रिकामी देता येत नाही,
आणि काय भरून द्यावं
हे अजून मला सुचलेलं नाही.

परवा ही आली.
बॅग खाली ठेवायच्या आधी डबी उघडून म्हणाली,
"वास काय सुंदर आहे. कुठली?"
पोरीनं माझ्याकडे पाहिलं.
दुकानातली, मी म्हणालो.